तगरपुरवराधीश्वर मोझिला

शिलाहारांचे ताम्रपट वाचणाऱ्याला एक बिरुद लवकरच पाठ होते : ‘तगरपुरवराधीश्वर’. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. फ्लीट यांनी ही ओळख पटवली आणि ती आज मान्य आहे. पण शिलाहारांच्या तीन मुख्य शाखांपैकी एकीचीही राजधानी तेरला नव्हती. एक शाखा उत्तर कोकणात ठाण्याच्या बाजूला, दुसरी दक्षिण कोकणात आणि तिसरी कोल्हापूर-पन्हाळ्याच्या मुलखात. तरी शिलाहार राजे स्वतःला श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी म्हणवतात. राष्ट्रकूट लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे नाव लावतात आणि राज्य मान्यखेटाहून करतात. सौंदत्तीचे रट्टही लट्टलूरच लावतात. देवगिरीचे यादव द्वारावतीचे अधीश्वर, तर गोव्याचे कदंब बनवासीचे.

वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे लेख संपादित केले आणि ते १९७७ मध्ये ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरम’च्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाले. असा खंड वाचायला बसणाऱ्याने पहिली गोष्ट शिकायची ती ही की बिरुद खोटे म्हणून फेकून द्यायचे नाही, आणि खरे धरून राजधानी तेरला नेऊनही ठेवायची नाही. त्या राजाला ते बिरुद का लावावेसे वाटले, हा पहिला प्रश्न. राज्य कुठे होते हा दुसरा. त्याचे उत्तर दान दिलेल्या गावावरून, चतुःसीमेवरून, अधिकाऱ्यांच्या नावांवरून काढायचे.

मी या विद्येचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. मार्कंड्यात राहून हाताला लागली ती पुस्तके वाचली, जमले तेवढे दगड वाचले. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जिथे उत्तरवाहिनी होते तिथला हा मंदिरसमूह. कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात त्याची नोंद घेतली होती. या मंदिरांची छायाचित्रे आणि टिपणे ठेवणारे एक लहानसे संकेतस्थळ मी काही वर्षांपासून सांभाळतो. त्याच्या सर्व्हरवर प्रत्येक येणाऱ्याची एक ओळ आपोआप नोंदली जाते. महाशिवरात्रीच्या जत्रेच्या दिवसांत ही नोंदवही फुगते. ती वाचायला बसलो तेव्हा मला शिलाहार आठवले. त्या ओळीचा इतिहास आणि ती अचूक वाचण्याची रीत, हा या लेखाचा विषय आहे. तो संगणकवाल्यांचा वाटेल, पण मराठी वाचणारा माणूस कुठल्या दारातून आत आला आणि कुठल्या दारातून परत गेला, हेही त्यातच दडलेले आहे.

एक ओळ, पाच नावे

आपण फोनवर एखादे पान उघडतो तेव्हा फोनमधला ब्राउजर त्या सर्व्हरला मागणी पाठवतो. मागणीसोबत तो स्वतःची ओळख सांगणारी एक ओळही पाठवतो. तिला ‘युजर एजंट’ म्हणतात. मूळ ओळ रोमन लिपीत असते. इथे ती देवनागरीत देतो :

मोझिला/५.० (विंडोज एनटी १०.०, विन६४, एक्स६४) ॲपलवेबकिट/५३७.३६ (केएचटीएमएल, लाइक गेको) क्रोम/१२०.०.०.० सफारी/५३७.३६ एज/१२०.०.०.०

ही मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउजरची ओळ आहे. तिच्यात मोझिलाचे नाव आहे, पण मोझिला या संस्थेचा त्याच्याशी संबंध नाही. ॲपलचे नाव आहे, पण हा संगणक ॲपलचा नाही. केएचटीएमएल हे लिनक्सवरच्या एका जुन्या ब्राउजरच्या गाभ्याचे नाव. ‘लाइक गेको’ म्हणजे गेकोसारखा. गेको हा फायरफॉक्सचा गाभा. सफारी हा ॲपलचा ब्राउजर, क्रोम गूगलचा. स्वतःचे खरे नाव अगदी शेवटी आहे, आणि मूळ रोमन ओळीत तेही शेवटचे अक्षर गाळून.

विंडोज १० असो की ११, कंसात ‘एनटी १०.०’च येते. मॅक संगणकाच्या ओळीत ‘इंटेल मॅक’ असते, जरी आतली चिप आता ॲपलचीच असली तरी. हा सारा गोंधळ कोणी एका बैठकीत घातलेला नाही. तो जवळजवळ ३० वर्षांत थर चढत चढत झाला आहे, आणि प्रत्येक थरामागे एक बंद झालेले दार आहे.

नावे कशी वाढत गेली

सुरुवातीला ही ओळ सरळ होती. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी मोझेक हा ब्राउजर तयार केला. तो आपले नाव, आवृत्ती आणि यंत्राचे नाव सांगे, बस्स. १९९६ च्या मे महिन्यात एचटीटीपी या संवादपद्धतीचे टिपण प्रसिद्ध झाले. त्यात या ओळीचे उपयोग दिले आहेत : मोजदाद, नियमभंगाचा माग, आणि पाहुण्याची कुवत ओळखून त्याला मानवेल असे उत्तर देणे. हेतू आतिथ्याचा होता. पंगतीत ज्याला तिखट सोसत नाही त्याला वेगळी भाजी वाढावी, तसा.

अँड्रीसन पुढे जिम क्लार्क यांच्याबरोबर नेटस्केप कंपनीत गेले. १९९४ च्या अखेरीस त्यांचा नेव्हिगेटर आला. कंपनीतले त्याचे टोपणनाव मोझिला : मोझेकला गिळणारा गॉडझिला. बाहेर नाव नेटस्केप, पण ओळीत सांगायचे नाव मोझिला. त्याला इतरांना न जमणाऱ्या गोष्टी येत. दुसऱ्या आवृत्तीत तर एका पानाचे अनेक चौकटींत भाग करता येऊ लागले. तेव्हा संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी दारावर पहारेकरी बसवला. ओळीत मोझिला दिसला की चांगले पान द्यायचे, नाही दिसला तर साधे पान हातावर टेकवायचे.

१९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर बाजारात उतरला. लवकरच त्यालाही चौकटी येऊ लागल्या, पण पहारेकऱ्याला ते माहीत नव्हते. सगळ्या पहारेकऱ्यांना समजावत बसण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टने सोपा मार्ग घेतला. आपली ओळ मोझिला या शब्दाने सुरू केली आणि कंसात ‘कंपॅटिबल’ लिहून पुढे स्वतःचे नाव घातले. पहारेकरी पहिला शब्द वाचून बाजूला झाला. तगरपुरवराधीश्वर हे बिरुद इथे पहिल्यांदा दुसऱ्या घराण्याने लावले.

पुढे नेटस्केप हरला. १९९८ मध्ये त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली. त्या प्रकल्पातून गेको हा नवा गाभा आला आणि २००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स १.० बाहेर पडला. आता पहारेकरी गेको शब्द शोधू लागले. लिनक्सवरच्या कॉन्करर या ब्राउजरचा केएचटीएमएल गाभाही चांगला होता, पण दारात अडत होता. म्हणून त्याने स्वतःला ‘गेकोसारखा’ म्हणवून घेतले. ॲपलने २००३ मध्ये सफारी आणला तो याच केएचटीएमएलच्या पायावर. त्याच्या ओळीत तो सगळा वंशवृक्ष आला. गूगलने २००८ मध्ये क्रोम आणला तो ॲपलच्या वेबकिटवर, म्हणून त्याने सफारीचेही नाव घेतले. २०१३ मध्ये गूगल वेबकिटपासून वेगळे झाले, पण फारकतीच्या वेळचा ५३७.३६ हा आकडा क्रोमच्या ओळीत तसाच राहिला. त्याच वर्षी एक्सप्लोररच्या ११ व्या आवृत्तीने स्वतःचे जुने नाव ओळीतून काढून टाकले आणि ‘लाइक गेको’ लिहिले. ज्याच्या नावावर काही वर्षांपूर्वी जगाची दारे उघडत होती, त्याच्याच नावावर आता ती बंद होऊ लागली होती.

या इतिहासात ऑपेराची गोष्ट मला फार बोलकी वाटते. नॉर्वेच्या या ब्राउजरची दहावी आवृत्ती २००९ मध्ये आली. अनेक पहारेकऱ्यांना आवृत्तीचा एकच अंक वाचायची सवय होती. त्यांनी १० मधला १ वाचला आणि हा फारच जुना म्हणून परत पाठवला. शेवटी ऑपेराने ओळीच्या सुरुवातीला ९.८० हाच आकडा ठेवला आणि १० हा खरा आकडा शेवटी लिहिला. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स शंभराव्या आवृत्तीला पोचले तेव्हा दोन अंकांवरून तीन अंकांवर जाताना हीच भीती पुन्हा उभी राहिली होती. त्याआधी, २०१९ च्या अखेरीस, व्हिवाल्डी या ब्राउजरने ओळीतून आपले नावच काढून टाकले आणि क्रोमची ओळ जशीच्या तशी सांगायला सुरुवात केली. कारण तेच : नाव सांगितले की दारे बंद होत.

कधी कधी एका अक्षरातही इतिहास सापडतो. जुन्या मोझिला आणि फायरफॉक्सच्या कंसात एक सुटे ‘यू’ अक्षर दिसते. अमेरिकेने सांकेतिकरणाच्या भक्कम तंत्राच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते, तेव्हाची ती खूण. ‘यू’ म्हणजे भक्कम कुलूप, ‘आय’ म्हणजे परदेशासाठीचे कमजोर कुलूप, ‘एन’ म्हणजे कुलूपच नाही. निर्बंध सैल झाले तरी ते अक्षर फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, ओळीत बसून होते. आमच्याकडे १९८२ च्या आधीच्या कागदांवर मार्कंड्याचा जिल्हा चंद्रपूर असतो आणि त्याहून जुन्या कागदांवर चांदा. गाव हलले नाही, लेबले बदलली. कागदावर तारीख नसली तरी जिल्ह्याच्या नावावरून त्याचा काळ अदमासता येतो. या ओळींचेही तसेच आहे.

मराठी अक्षर आणि दारावरचा प्रश्न

ही सगळी अमेरिकेतल्या कंपन्यांची भांडणे वाटतील, पण त्यांचा फटका मराठी वाचकाला थेट बसला. १९९७ च्या सुमाराला ब्राउजरमध्ये देवनागरी दाखवण्याची सोय नव्हतीच म्हणावी. मराठी संकेतस्थळे आपापले फाँट वापरत. ते वाचकाने आधी आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचे, नाहीतर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसे. मग पानाबरोबर फाँटही आपोआप पाठवण्याची युक्ती निघाली. पण नेटस्केपने बिटस्ट्रीम कंपनीची एक पद्धत घेतली आणि मायक्रोसॉफ्टने स्वतःची दुसरी. एकाची फाइल दुसऱ्याला चालेना. त्यामुळे आलेला पाहुणा कोण आहे, या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळदा मराठी दिसणार की नाही हे ठरू लागले.

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरी तिच्यात होती, पण मानक कागदावर असणे वेगळे आणि टेबलावरच्या यंत्रात येणे वेगळे. विंडोज २००० बरोबर मंगल हा फाँट आला आणि वाट मोकळी होऊ लागली. तोवर ‘हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहा’ ही सूचना मराठी आणि सरकारी पानांच्या तळाशी रुजली होती. काही ठिकाणी ती सूचना होती, तर काही ठिकाणी चक्क मज्जाव.

याच काळातले ऑपेरा मिनीचे उदाहरण मी नेहमी देतो. २००६ मध्ये जगभर उपलब्ध झालेला हा ब्राउजर साध्या, बटणांच्या फोनवर चाले. पान थेट फोनवर येत नसे. आधी ऑपेराच्या सर्व्हरवर येई, तिथे आवळले जाई आणि मग फोनकडे जाई. त्या फोनमध्ये देवनागरीचा फाँट नसला तरी मराठी वाचता यायचे, कारण त्यात एक छुपी सोय होती. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ लिहायचे आणि गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरावीत, या पर्यायाला ‘हो’ म्हणायचे. मग सर्व्हर अक्षरांची चित्रे करून पाठवी. ही युक्ती एकाने दुसऱ्याला सांगत पसरली.

आता पहारेकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. ओळीत ‘ऑपेरा मिनी’ दिसते. पहारेकऱ्याच्या यादीत हा ब्राउजर अशक्त म्हणून नोंदलेला आहे. बटणांचा फोन, लहान पडदा, अनेक गोष्टी न येणारा. म्हणून तो म्हणतो, ‘तुमचा ब्राउजर चालणार नाही.’ पण मराठी वाचणे या एका कामापुरता हा पाहुणा त्या दिवसांतल्या पुष्कळ संगणकांपेक्षा सरस होता. नाव विचारले तर तो नापास. ‘हे अक्षर दिसते का?’ असे विचारले असते तर पास.

दारात आलेल्याला आधी ‘कोणाचा?’ असे विचारण्याची सवय आपल्या समाजाला नवी नाही, आणि त्या प्रश्नाचे ओझे कोणी वाहिले हेही आपल्याला ठाऊक आहे. संगणकाच्या दारावर तो प्रश्न द्वेषातून आला नव्हता. सोयीतून आला होता, आणि सोयीतून आलेला प्रश्न काढून टाकायचे कोणाला सुचत नाही.

वाचण्याची रीत

तरीही ओळ वाचावी लागते. किती लोक कुठल्या फोनवरून येतात हे कळले नाही तर पान कोणासाठी करायचे हे कळत नाही. ती अचूक वाचायची रीत मला पुराभिलेखांच्या रीतीच्या अगदी जवळची वाटते.

पहिला नियम, सर्वांनी लावलेले बिरुद पुराव्यातून वगळायचे. ‘समधिगतपंचमहाशब्द’ हे विशेषण इतक्या सामंतांच्या लेखांत येते की त्यावरून एक सामंत दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. ‘मोझिला/५.०’ आज जवळजवळ प्रत्येक ब्राउजर सांगतो, म्हणून त्याने काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा नियम, विशेषाकडून सामान्याकडे यायचे. ओळीत सफारी आहे म्हणून सफारी म्हटले तर क्रोम, एज, सॅमसंग, ऑपेरा सगळे सफारी ठरतील. म्हणून आधी विरळ नावे शोधायची : एज, नव्या ऑपेराचे ‘ओपीआर’, सॅमसंग ब्राउजर, यूसी ब्राउजर. ती नसतील तर क्रोम. क्रोमही नसेल तरच सफारी. क्रम उलटला की सगळी मोजदाद उलटते. आयफोनवर ब्राउजरांना वेबकिटच्या पायावर उभे राहावे लागते, म्हणून तिथला क्रोम ‘सीआरआयओएस’ आणि फायरफॉक्स ‘एफएक्सआयओएस’ असे नाव लावतो. ही टोपणनावे ठाऊक नसतील तर दोन्ही सफारीत जमा होतील.

तिसरा नियम, पाहुणा स्वतः आला की कोणाच्या घरातून, हे पाहायचे. व्हॉट्सॲप किंवा फेसबुकवर आलेला दुवा माणूस दाबतो तेव्हा ते पान कधी कधी त्या ॲपच्या पोटातच उघडते. अँड्रॉइडवर अशा ओळीच्या कंसात बहुधा ‘डब्ल्यूव्ही’ ही दोन अक्षरे असतात. फेसबुकच्या ओळीत ‘एफबीएव्ही’सारखी खूण असते. ऑपेरा मिनीच्या बाबतीत मागणी ऑपेराच्या सर्व्हरकडून येते आणि फोनची स्वतःची ओळ वेगळ्या शीर्षकाखाली सोबत येते. एकच ओळ वाचून थांबलो तर टपाल आणणाऱ्यालाच पत्र लिहिणारा समजू.

चौथा नियम बनावट लेखांचा. फ्लीट यांनी बनावट ताम्रपटांची यादीच केली होती. बनावट लेख ओळखताना लेख काय म्हणतो ते बाजूला ठेवतात आणि त्याला न लपवता येणाऱ्या गोष्टी तपासतात : अक्षरवळण त्या काळाचे आहे का, दिलेली तिथी आणि वार पंचांगाने जुळतात का. नोंदवहीत गूगलचा शोधयंत्र-दूत म्हणून ओळख सांगणारे अनेक येतात, आणि ती ओळ कोणालाही लिहिता येते. म्हणून ज्या पत्त्यावरून मागणी आली त्या पत्त्याचे नाव विचारायचे, ते गूगलचे निघाले तर त्या नावाचा पत्ता उलट विचारायचा, आणि दोन्ही जुळले तरच विश्वास ठेवायचा.

पाचवा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जे ओळखू येत नाही त्याला ‘अनोळखी’ म्हणूनच ठेवायचे, जवळच्या खान्यात कोंबायचे नाही. मध्य भारतातल्या अनेक जुन्या मंदिरांतून ‘मगरध्वज जोगी ७००’ अशी एक छोटी नोंद कोरलेली सापडते. कवर्ध्याजवळच्या भोरमदेवलाही ती आहे. ७०० हा आकडा वर्षाचा की सोबतच्या शिष्यांचा, यावर अभ्यासकांनी तर्क केले आहेत. पण अक्षरे आहेत तशी छापून तर्क वेगळा दिला, म्हणून पुढच्या माणसाला पुन्हा विचार करता येतो. आकडा कोणी ‘सुधारून’ छापला असता तर ती वाट कायमची बंद झाली असती. म्हणून मी मूळ ओळ कधी पुसत नाही. माझे वाचन तिच्या शेजारच्या रकान्यात असते.

मोजदादीत कोण हरवतो

हे नियम न पाळल्याने बिघडते काय? २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनचे उदाहरण घेऊ. बटणांचा, स्वस्त, पण इंटरनेट असलेला हा फोन कायओएस या प्रणालीवर चाले, आणि तिचा पाया फायरफॉक्सचा होता. त्याच्या ओळीत मोझिला येते, मोबाइल येते, अँड्रॉइड हा शब्दही येतो, मग ‘फायरफॉक्स/४८.०’ आणि शेवटी ‘कायओएस’.

घाईने वाचणाऱ्या यंत्राला ‘अँड्रॉइड’ दिसला तर तो हा फोन स्पर्शपडद्याच्या फोनांत जमा करील. मग तिथे बोटाने दाबायची बटणे असलेले पान जाईल, आणि या फोनला स्पर्शपडदाच नाही. दुसऱ्या यंत्राला ‘फायरफॉक्स ४८’ दिसेल. फायरफॉक्सची ती आवृत्ती २०१६ ची. ते यंत्र अहवालात लिहील की काही थोडे लोक अजून जुना फायरफॉक्स वापरतात, त्यांनी तो अद्ययावत करावा. दोन्ही अहवालांत जिओफोन हा शब्दच येणार नाही. त्यावरून निर्णय घेणारा माणूस म्हणेल, अशा फोनवरून आपल्याकडे कोणी येतच नाही. आणि जो येत नाही त्याच्यासाठी पान कशाला करायचे?

शहरातल्या वाचकाला ही बारीकसारीक बाब वाटेल. आमच्याकडे घरात एकच फोन असतो आणि तो हातोहात फिरतो. शहरात जुना झालेला फोन भावाकडून, भाच्याकडून गावात येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, भरतीची यादी, धानाच्या खरेदीची नोंदणी, यांची पाने त्याच फोनवर उघडायची असतात. ‘तुमचा ब्राउजर समर्थित नाही’ ही ओळ दिसली की माणूस चामोर्शीच्या सेवा केंद्राचा रस्ता धरतो, आणि त्याची दिवसाची मजुरी बुडते. गंमत अशी की त्या पानावर बहुधा काही चौकोन भरायचे आणि एक बटण दाबायचे, एवढेच असते. ते काम त्या फोनला येत असते, पण त्याला विचारलेले नसते.

मोजदादीतला आणखी एक थर राजकारणाने घडवलेला आहे. स्वस्त फोनांवर लोकप्रिय असलेला यूसी ब्राउजर अलीबाबा या चिनी समूहाच्या मालकीचा. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत तो होता. उत्खननात एखादे नाणे सापडले की थराचा काळ पक्का होतो, तशी ही तारीख जुन्या नोंदवहीत उपयोगी पडते. त्या नावामागची माणसे मात्र कुठे गेली नाहीत. तीच माणसे, तेच फोन, दुसरे नाव घेऊन आली.

गोठलेली ओळ

आता ही ओळ शेवटच्या अवस्थेत आहे. तिच्यातल्या बारीक तपशिलांवरून एकेका माणसाचा माग काढता येतो, म्हणून गूगलने २०२० मध्ये ती आखडती घेण्याचे जाहीर केले. २०२२ पासून क्रोमच्या आवृत्तीचे मागचे आकडे शून्य झाले. २०२३ मध्ये अँड्रॉइड फोनांवरच्या क्रोमने फोनचे मॉडेल सांगणे थांबवले. आता महागडा फोन असो की हातोहात फिरून गावात आलेला, दोघांचीही ओळ ‘अँड्रॉइड १०, के’ एवढेच सांगते. अधिक हवे असेल तर सर्व्हरने वेगळ्या शीर्षकांखाली स्वतंत्रपणे विचारायचे. त्या नव्या उत्तरांतही ब्राउजर एक मुद्दाम निरर्थक नाव मिसळून पाठवतो, पहारेकऱ्यांनी पुन्हा ठरावीक नावांच्या याद्या करू नयेत म्हणून.

माझ्यासारख्या नोंदवही वाचणाऱ्याचे यात नुकसान आहे. आठ वर्षांपूर्वीचा फोन आणि कालचा फोन वेगळे काढणे अवघड झाले आहे. तरी हे बरोबर झाले असे माझे मत आहे. ज्याने फक्त मंदिराचे चित्र पाहायला मागितले त्याच्याकडून फोनचे मॉडेल घ्यायचा हक्क मला नाही. शिवाय हे तपशील जितके कमी होतील तितका पान लिहिणाऱ्याला दुसरा मार्ग धरावा लागेल, आणि तो मार्ग पूर्वीपासून खुला आहे. आलेल्याला नाव विचारू नये. जे करायचे आहे ते तुला येते का, एवढे विचारावे. हा प्रश्न पानातच लिहिता येतो, त्याचे उत्तर ब्राउजर स्वतः देतो, आणि त्यासाठी कोणाला दुसऱ्याचे नाव लावावे लागत नाही. येत नसेल तर साधे पान द्यावे, पण पान द्यावे.

मी माझ्या लहान संकेतस्थळावर एवढेच पाळतो. मजकूर आधी जातो, छायाचित्र नंतर. ज्या फोनला मोठे छायाचित्र पेलत नाही त्याला लहान मिळते. ओळ फक्त मोजण्यासाठी वाचली जाते, आत घेण्यासाठी नाही. वर्षाच्या शेवटी मी जो तक्ता करतो त्यात ‘अनोळखी’ हा रकाना पहिला ठेवतो, कारण शेवटी ठेवला तर तो कोणी वाचत नाही. त्या रकान्यात यंत्रे असतात, तोतये असतात, आणि नवे नाव घेऊन आलेला एखादा स्वस्त फोनही असतो. वर्षभरात त्यातल्या काही ओळी ओळखीच्या होतात आणि आपापल्या खान्यात जातात. बाकीच्या मी मूळ अक्षरांसह जपून ठेवतो.